मधल्या इयत्तांची जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शिक्षण उपसमितीच्या वतीने झालेले भाषण)



दहावी-बारावीच्या परीक्षांत उज्ज्वल यश संपादन केलेल्या मुलामुलींचा गुणगौरव नुकताच आपल्या सर्वांच्या साक्षीने पार पडला. या मुलांचे आणि त्यांच्यासाठी खस्ता खाल्लेल्या मातापित्यांचे शिक्षण उपसमिती मनःपूर्वक अभिनंदन करते. परंतु या आनंदाच्या प्रसंगी एक थोडी अप्रिय गोष्ट बोलण्याची परवानगी आम्ही आपणांपाशी मागणार आहोत. ज्यांच्या गळ्यात आज हार पडले ती आपली मुले आहेत हे खरे. पण आपली सगळी मुले तेवढीच नव्हेत.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका कन्येचा याच व्यासपीठावर दहावीच्या यशाबद्दल सत्कार झाला. तिची आई नऊवारीचा पदर सावरीत आम्हांस भेटावयास आली. बोलण्याच्या ओघात आम्ही सहज विचारले, "वहिनी, थोरला चिरंजीव काय करतो?" त्या माउलीने मान खाली घालून सांगितले, "त्यो कोइमतूरला हाय, गलाईच्या दुकानात. आठवीतनंच गेला न्हवं का." मुलाचे वडील मंडळाचे जुने सभासद. वर्गणी वेळेवर भरणारे. आमची त्यांची भेट वर्षातून दोनदा तरी होत असे. पण त्यांचा मुलगा शाळेतून केव्हा निघाला, का निघाला, हे आमच्यापैकी एकासही ठाऊक नव्हते. बहिणीच्या यशाची नोंद त्या वर्षीच्या स्मरणिकेत छायाचित्रासह आहे. भावाच्या जाण्याची नोंद कोठेच नाही. हा दोष त्या घराचा म्हणून आम्हांस हात झटकता येणार नाहीत. तो आमचाही आहे आणि तो कबूल करूनच आम्ही पुढे बोलतो.

येथे गलाईच्या धंद्यास कमी लेखण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. विटे, आटपाडी, खानापूर, तसेच माण-खटाव या अवर्षणाच्या टापूंतून माणसे बाहेर पडली, देशभरच्या सराफ बाजारांत त्यांनी सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्या मांडल्या, आणि गावाकडची घरे उभी केली. हा पराक्रमच होय. परंतु त्या भट्टीपाशी आता कोणते ज्ञान लागते तेही पाहावे. बावीस कॅरट सोने म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग शुद्ध सोने. हजारात हेच प्रमाण मांडले की ९१६ हा आकडा येतो. २०२१ सालापासून देशातील बहुतेक मोठ्या जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि कस यंत्रावर पाहण्याची पद्धत सर्वत्र पसरली. यंत्र आकडा दाखवते. त्या आकड्यावरून गिऱ्हाइकाशी हिशेब माणसासच करावा लागतो. हा हिशेब सहावी-सातवीच्या गुणोत्तराचा आणि शेकडेवारीचा आहे. जो मुलगा ते न समजता आठवीतून निघाला, तो भट्टीवर राबतो; दुकान दुसराच कोणी चालवतो.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्याचे. पाटण, जावळी, माण, खटाव येथील घराघरांतून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईस गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी माथाडी झाले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. त्या वेळी ज्यांच्या हाती केवळ एका साच्यावरचे काम होते त्यांना गावाची वाट धरावी लागली. ज्यांना लिहिता-वाचता, हिशेब करता आणि नवे काम शिकता येत होते, त्यांनी काही ना काही दुसरी वाट काढली. भविष्यकाळासाठी मुले तयार करावयाची म्हणजे काय, याचे उत्तर आम्हांस या अनुभवात दिसते. पुढे कोणता धंदा चालेल हे छातीठोकपणे सांगणारा कोणी नाही. आज यंत्रे पत्रे लिहितात, भाषांतर करतात, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात; उद्या काय करतील ते उद्याच कळेल. म्हणून अमुक एक धंदा शिकविण्यापेक्षा, धंदा बदलला तरी नवे शिकता येईल असे मूल घडविणे हेच शहाणपणाचे होय. आणि ही घडण दहा ते चौदा या वयात, म्हणजे पाचवी ते आठवीच्या इयत्तांत होते किंवा बिघडते.

बंधुभगिनींनो, या वयाचे महत्त्व आपल्या मुलखाने फार पूर्वी ओळखले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर यांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. इंग्रजी पहिली म्हणजे आजच्या हिशेबाने पाचवीच्या आसपासची इयत्ता. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ सालापासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. एका मुलाचे नाव एका रजिस्टरात पडणे ही गोष्ट किती मोठी ठरू शकते, याचा याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहास १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले. मुलांचे पोट भरण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचे दागिने दिले ही हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहेच. त्या बोर्डिंगाकडे या विषयाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. खेड्यातील मराठी शाळा संपली की मुलास पुढे शाळा नसे. गाव आणि हायस्कूल यांच्यामध्ये दहा-वीस मैलांची दरी असे. तेथेच मूल गळे. कर्मवीरांनी नेमक्या त्या दरीवर बोर्डिंग बांधले. मुलांनी स्वतः दळावे, स्वयंपाक करावा, शेतात राबावे आणि शिकावे, हा त्यांचा शिरस्ता. पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले तेव्हाही कमवा व शिका हीच त्याची शिस्त राहिली.

ती मैलांची दरी आज बहुतांशी बुजली आहे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि आठवीपर्यंतचे शिक्षण हा मुलाचा हक्क ठरला. पाचवी ते बारावीच्या मुलींस एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो. मग मूल आता गळते कोठे? आमचे उत्तर असे की ते वर्गात बसल्या बसल्याच गळते. हजेरीपटावर त्याचे नाव असते, खिचडी ते खाते, वर्षाअखेर वर चढते. आणि तरीही शिक्षणातून निघून गेलेले असते.

याची कारणे पाहू. आपल्या राज्यात पाचवी ते आठवी या वर्गांना स्वतःचे घर नाही. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत. मोठ्या गावची सातवीपर्यंत. आणि हायस्कूल पाचवीपासून दहावीपर्यंत. म्हणजे हे वर्ग एके ठिकाणी प्राथमिक शाळेचे शेपूट असतात, तर दुसरीकडे हायस्कूलचा उंबरठा. प्राथमिकच्या गुरुजींचे सारे लक्ष पहिली-दुसरीच्या अक्षरओळखीत गुंतलेले, आणि हायस्कूलच्या सरांचे लक्ष दहावीच्या निकालात. मधली चार वर्षे मूल कोणाच्याच नजरेत नसते. चौथीपर्यंत एकच बाई सर्व विषय शिकवीत आणि घरची माणसेही ओळखीत. पाचवीत दर तासास नवा चेहरा येतो. ज्यास वाचता येत नाही ते मूल मागच्या बाकावर सरकते आणि गप्प राहावयास शिकते. त्या मुलास ही एकच विद्या चांगली येते.

दुसरे कारण आपल्या सर्वांच्या गैरसमजाचे. आठवीपर्यंत कोणास नापास करावयाचे नाही, असा नियम आला, त्यास आपण ढकलपास म्हणू लागलो. वास्तविक न शिकविता वर घाला, असे त्या कायद्याने कोठेही म्हटले नव्हते. सतत मूल्यमापन करावे, मागे पडलेल्यास वेगळे शिकवावे, असाच त्याचा आशय होता. ती अर्धी जबाबदारी आपण सोडून दिली आणि सवलत तेवढी घेतली. पुढे २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला, आणि २०२३ मध्ये आपल्या राज्यानेही पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आणली. परीक्षा आली म्हणजे शिक्षण आले, असे मात्र समजू नये. ताप मोजल्याने ताप उतरत नाही.

देशाची स्थिती सांगणारा एकच दाखला देतो. असर या नावाने जी ग्रामीण पाहणी होते, तिच्या २०२३ च्या अहवालात चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेतली होती. त्यांतील सुमारे एक-चतुर्थांश मुलांस दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत अस्खलित वाचता आला नाही. आणि तीन अंकी संख्येस एका अंकाने भागण्याचे गणित अवघ्या ४३.३ टक्क्यांस जमले. ही मुले आठवी ओलांडलेल्या वयाची आहेत हे ध्यानात घ्यावे.

आमच्या समितीसही असाच अनुभव आला. मंडळाच्या मदतीसाठी अर्ज केलेला एक सातवीचा मुलगा आपल्या आजीसह मुलाखतीस आला होता. गुणपत्रक उत्तम. आम्ही विचारले, "बाळ, आठ हजारांपैकी पाऊण हिस्सा आधी द्यावयाचा, तर किती होतील?" मुलाने खिशातील मोबाइलकडे हात नेला, मग आमच्याकडे पाहून थांबला, आणि शेवटी रडवेला झाला. शेजारी बसलेली आजी चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "आठ पाऊणे सहा. सहा हजार की!" आम्ही हसलो खरे, पण घरी जाताना हसू मावळले.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे जुन्या मराठी शाळेत रोज संध्याकाळी एका सुरात म्हटले जात. त्या घोकंपट्टीचे गोडवे गाण्याचा आमचा उद्देश नाही; छडीची आठवण ज्यांच्या तळहातावर आहे ते आमच्याशी सहमत होतील. परंतु अपूर्णांक ही रोजच्या व्यवहारातली, जिभेवर खेळणारी वस्तू आहे, हे त्या पाढ्यांनी मुलास कळत असे. आज अपूर्णांक म्हणजे आडव्या रेषेच्या वर एक आकडा आणि खाली एक आकडा, एवढेच मुलाच्या पदरी पडते. पाचवीचा अपूर्णांक कच्चा राहिला की सहावीचे गुणोत्तर कळत नाही, मग शेकडेवारी, मग व्याज, आणि शेवटी बीजगणित. नववीत गणित अवघड गेले म्हणून आपण शिकवणी लावतो. गळती मात्र पाचवीतल्या पन्हाळीतून चाललेली असते.

तेव्हा या चार वर्षांत मुलाच्या पदरी काय पडावे? उपसमितीने पुष्कळ विचार करून तीनच गोष्टी ठरविल्या आहेत.

पहिली गोष्ट वाचन. पाठ्यपुस्तकाबाहेरचे, न अडखळता, समजून केलेले वाचन. जे मूल आठवीअखेर वर्तमानपत्रातील एखादा लेख वाचून, त्यात काय म्हटले आहे आणि ते पटते की नाही, हे आपल्या शब्दांत सांगू शकते, त्यास पुढे कोणतीही विद्या परकी नाही. यंत्राने दिलेले उत्तर खरे की खोटे हे पारखण्यासही हेच वाचन लागते. माध्यम मराठी असावे, सेमी-इंग्रजी असावे की इंग्रजी, या वादात आम्ही पडत नाही. इतकेच सांगतो की ज्या भाषेत मुलास प्रश्न विचारता येत नाही, त्या भाषेत त्यास उत्तरे पाठ करावयास लावणे हा पैशाचा आणि बालपणाचा अपव्यय आहे.

दुसरी गोष्ट अपूर्णांक, गुणोत्तर आणि शेकडेवारी. याविषयी वर बोललोच.

तिसरी गोष्ट हातांचे काम. आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर घडविला, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. ते माळरान आजच्या पलूस तालुक्यात आहे. तो नांगर खेडोपाडी विकण्याचे काम काही काळ भाऊराव पाटलांनीही केले होते. हात आणि डोके यांची फारकत या मुलखास ठाऊकच नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीचा एक स्वतंत्र टप्पा मानला आहे, आणि त्यात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांसारख्या कारागिरांपाशी घालवावेत असे सुचविले आहे. आपल्या सभासदांत शेतकरी आहेत, यंत्रदुरुस्तीचे कारखानदार आहेत, छापखानेवाले आहेत, परिचारिका आहेत. या दहा दिवसांसाठी आपणांस बाहेर कोठे जावे लागेल?

आता व्यवहाराचे दोन शब्द पालकांसाठी. पाचवीत असताना नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा देता येते. ही विद्यालये निवासी असून सांगली जिल्ह्याचे पलूस येथे, तर सातारा जिल्ह्याचे खावली येथे आहे. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली स्थापन झाली. देशातील ही पहिलीच सैनिक शाळा, आणि तिचाही प्रवेश सहावीस असतो. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा होते. सरकारी, अनुदानित वा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असणाऱ्या मुलास ती देता येते, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल बारा हजार रुपये मिळतात. गलाईच्या दुकानात पहिल्या वर्षी उमेदवार मुलास काय मिळते ते आपण जाणताच. ही शिष्यवृत्ती त्या कोइमतूरच्या मुलासाठीच होती. अर्ज भरावा हे त्यास कोणी सांगितले नाही.

आता मंडळापुढे उपसमितीचे चार प्रस्ताव ठेवतो.

पहिला, प्रत्येक तालुका प्रतिनिधीने दर जून महिन्यात सभासदांच्या घरांतील दहा ते चौदा वयाच्या मुलामुलींची नोंदवही करावी. नाव, इयत्ता, शाळा, आणि मूल खरोखर शाळेत जाते काय. दिवाळीत ती वही पुन्हा पाहावी. कोणाचे नाव गळलेले दिसले, तर त्या घरी दोन ज्येष्ठांनी त्याच आठवड्यात जावे. उपदेशासाठी नव्हे, अडचण कोणती ते विचारण्यासाठी.

दुसरा, गुणगौरवावर होणाऱ्या खर्चाचा एक-तृतीयांश भाग पाचवी ते आठवीच्या मुलांच्या पुस्तकांसाठी काढून ठेवावा. हार, शाली आणि स्मृतिचिन्हे थोडी कमी झाली तरी गौरव कमी होत नाही. यामुळे मुलांचा उत्साह जाईल, असे आपल्यांतील काही ज्येष्ठांचे मत आहे आणि त्या मताचा आम्ही आदर करतो. परंतु शिखरावर पोचलेल्याच्या पाठीवर थाप देताना, पायथ्याशी बसून राहिलेल्याचा हात सोडणे योग्य नव्हे.

तिसरा, मंडळाच्या इमारतीतील जे दालन लग्नसराईखेरीज बंद असते, ते रोज सायंकाळी दोन तास उघडावे. आपल्यांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. त्यांनी आळीपाळीने तेथे बसावे, मुलांकडून वाचून घ्यावे, पाऊणकी-दिडकीचे पाढे खेळाप्रमाणे म्हणून घ्यावेत. मुलींच्या येण्याजाण्याची सोय आधी पाहावी. ज्या वेळेस मुलीस घरी परतता येत नाही ती वेळ आपणांसही चालणार नाही.

चौथा प्रस्ताव काहींना खटकेल, म्हणून तो अधिक नम्रतेने मांडतो. हे दालन केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी ठेवू नये. शेजारच्या वस्तीतील, ऊसतोडीसाठी आलेल्या टोळ्यांतील, कोणाचेही मूल आले तर त्यास सतरंजीवर जागा द्यावी. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, कारण त्या काळी प्रत्येक समाजास आधी उभे राहावयाचे होते. कर्मवीरांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली, कारण उभे राहिल्यावर एकत्र चालावयाचे होते. आपले मंडळ उभे राहिले आहे. आता चालण्याची वेळ आहे. आणि शेवटी, आपला मुलगा ज्याच्याबरोबर उद्या काम करणार आहे, त्याच्याबरोबर आज वाचावयास बसला तर त्यात त्याचेही हितच आहे.

या प्रस्तावांत मोठा खर्च नाही. नव्या इमारतीचा मनोरा नाही. त्यामुळे देणगीदारांची नावे कोरण्यास संगमरवरही मिळणार नाही. परंतु पाच वर्षांनी याच मेळाव्यात सत्काराची यादी वाचताना, ज्यांची नावे तीत नाहीत ती मुले कोठे आहेत, असा प्रश्न कोणी विचारला, तर आपणांस नोंदवही उघडून प्रत्येकाचा पत्ता सांगता यावा, एवढीच उपसमितीची आकांक्षा आहे.

त्या खानापूरच्या माउलीस आम्ही अलीकडे पुन्हा भेटलो. मुलगा आता त्याच दुकानात हिशेबास बसू लागला आहे; शेकडेवारी त्यास मालकाने शिकविली. आम्हांस आनंद झाला. परंतु जे आपण सर्वांनी त्यास बाराव्या वर्षी द्यावयाचे होते, ते एका परप्रांतातील दुकानदाराने दिले, ही गोष्ट मनास लागून राहिली. ती आपणांसही लागावी, आणि त्यातून काही काम उभे राहावे, अशी प्रार्थना करून आम्ही हे भाषण पुरे करतो.